डबा ओरडतोय!

दिवाळीच्या साफसफाईत घरातली यच्चयावत वस्तू खाली उतरते. माळ्यावरची पितळी भांडी उतरतात, पुस्तकांची कपाटे रिकामी होतात, पंख्यांची पाती पुसली जातात, गणपतीच्या मखरापासून उरलेले रंगीत कागदसुद्धा एकदाचे केरात जातात. एकाच वस्तूकडे मात्र कोणी ढुंकून पाहात नाही. टीव्हीच्या मागे किंवा जिन्याखालच्या फडताळात ती धुळीचे पांघरूण घेऊन बसलेली असते. अंगावर दोन-तीन मिणमिणते दिवे आणि पोटात बारीकशी घरघर. दारावरच्या आणि अंगणातल्या कॅमेऱ्यांनी पाहिलेले सारे काही साठवून ठेवणारा हा डबा. जाणकार त्याला ‘डीव्हीआर’ म्हणतात.

या डब्याची आठवण होते ती काही चोरीस गेले की. मग सारे घर त्याच्याभोवती गोळा होते, आणि बरेचदा असे आढळते की साक्षीदार हजर आहे, परंतु त्याची स्मरणशक्ती गेलेली आहे! डब्याची स्मरणशक्ती म्हणजे त्याच्या पोटातली हार्ड डिस्क. ती आजारी कशी पडते, आजार ओळखावा कसा, आणि वैद्य येईपर्यंत घरच्या मंडळींनी काय करावे व काय करू नये, हा आजचा विषय. तो निवडण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात कर्जत-चौक रस्त्यावरच्या एका लहानशा घरात अशाच एका आजारी डिस्कवर एका गरीब माणसाची अब्रू टांगलेली मी पाहिली.

ते घर माझ्या थोरल्या बहिणीचे. राहणे डोंबिवलीस, पण भावोजी निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी तिकडे दोन खोल्या, एक विहीर आणि आंब्याची पंधरा-वीस झाडे एवढा संसार थाटला आहे. तो राखायला जवळच्या वाडीवरचा एक ठाकूर म्हातारा आहे. बारा वर्षे तो तिथे आहे. जुलै महिन्यात विहिरीवरच्या खोपटातला पाण्याचा पंप नाहीसा झाला. शेजारच्या बंगलेवाल्यांनी तपास न करताच निकाल दिला: “राखणदाराशिवाय कोण नेणार?” भावोजींनी डीव्हीआरमध्ये जुलैच्या तारखा उघडून पाहिल्या, तर सगळ्या कोऱ्या! त्यावर शेजाऱ्यांनी पुरवणी निकाल दिला: “त्यानेच पुसून टाकले असणार.” ज्या माणसाला फोनवरचा हिरवा आणि तांबडा एवढे दोनच खुणेचे रंग ठाऊक, त्याने डीव्हीआरमधले निवडक दिवस पुसले, असा हा आरोप!

आक्काचा फोन आला तो या गोंधळात. “तू ये बाबा एकदा. हे तक्रारीचा कागद लिहून बसलेत, त्यात म्हाताऱ्याचे नाव घातलेय. आणि तो डबा सारखा ओरडतोय.”

‘डबा ओरडतोय’ हे शब्द मूळचे म्हाताऱ्याचे. जुलैतच त्याने फोन करून तसे कळवले होते. पण त्या पावसात तिकडे जाणार कोण? राहू दे ओरडत, असे त्याला सांगण्यात आले. वाचकहो, पहिली गोष्ट लक्षात ठेवा ती ही: डीव्हीआर उगीच ओरडत नाही. दर काही सेकंदांनी ‘पीं पीं’ असा आवाज येत असेल, तर बहुधा डिस्क सापडत नाही किंवा डिस्कवर लिहिता येत नाही, असे तो सांगत असतो. आवाज बंद करण्याची सोय यंत्रात असते, आणि बहुतेक लोक तेवढीच वापरतात. तापाचा पारा चढला म्हणून थर्मामीटर फोडून टाकावा, तसे हे झाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. कॅमेरे बसवून देणाऱ्या मुलाने फोनवरून सल्ला दिलेला होता: “पडद्यावर फॉर्मॅट करू का असे विचारेल, हो म्हणा, चालू होईल.” भावोजींचे बोट माऊसवर होते. मी आधी त्यांचा हात धरला. सल्ला खोटा नव्हता, यंत्र कदाचित चालूही झाले असते. पण फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणे. नवी पाटी घ्यायची असेल तेव्हा ते ठीक. जुन्या पाटीवरचेच अक्षर वाचायचे असेल तेव्हा तो आत्मघात. तीच डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडली, तर संगणकही हाच प्रश्न विचारतो, कारण डीव्हीआर आपले सामान स्वतःच्या खास पद्धतीने लावून ठेवतो आणि संगणकाला ती लिपी कळत नाही. तिथेही उत्तर ‘नाही’ हेच द्यायचे.

आता थोडे डिस्कविषयी. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि एवढ्या धुडात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज तळहाताएवढ्या पेटीत त्याच्या लाखो पट मजकूर मावतो, पण तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि तिच्यावरून लिहिणारे-वाचणारे एक इवलेसे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगत फिरते. ग्रामोफोनच्या सुईसारखे ते तबकडीला टेकत नाही. दोहोंमधले अंतर मात्र केसाच्या जाडीच्या हजारो हिश्शांपैकी एखाद्या हिश्शाएवढे. चालत्या डिस्कला धक्का बसला किंवा वीज वारंवार दगा देऊ लागली, तर या नाजूक संसारात काय होत असेल याची कल्पना करा. त्यातून डीव्हीआरची डिस्क म्हणजे अष्टौप्रहर लिहीत बसलेला कारकून. तिला ना रविवार ना सण.

आणि वीज! कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना विजेची मोठी परंपरा आहे. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. ज्या डोंगरउतारांनी मुंबई उजळली, त्यांच्याच पायथ्याशी पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की घराघरांत मेणबत्त्या लागतात. वीज जाते, येते, पुन्हा जाते. प्रत्येक वेळी डिस्क लिहिता लिहिता थांबते आणि पुन्हा धडपडत उभी राहते. जोडीला चार महिन्यांची ओल, बंद खोली, आणि उबेला येणाऱ्या मुंग्या व पाली.

तर तपासणीचा क्रम असा. हा क्रम कोणत्याही घरी चालेल.

आधी पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा. त्याच वेळी डीव्हीआरच्या घड्याळातली तारीख-वेळ आणि आपल्या हातातल्या घड्याळातली वेळ, दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्यात. या साध्या टिपणाचे मोल पुढे कळेल. मग यादीतून रीतसर यंत्र बंद करावे. खटका ओढून नव्हे.

दुसरा संशयित ॲडॉप्टर. डिस्क बिघडली असे वाटते तेव्हा पुष्कळदा दोषी असतो तो दीड-दोनशे रुपयांचा काळा ठोकळा. मोठी डिस्क गती घेताना १२ व्होल्टवर दीड ते दोन ॲम्पियर प्रवाह मागते. उन्हाळ्यांमागून उन्हाळे तापून ॲडॉप्टरमधले कपॅसिटर थकलेले असतात. रिकामा मोजला तर तो १२ व्होल्ट दाखवतो, आणि ओझे पडताच मान टाकतो. मग डिस्क उठते, पडते, पुन्हा उठते आणि ‘टिक टिक’ वाजते. म्हणून व्होल्ट तेवढेच, ॲम्पियर तेवढे किंवा अधिक, आणि पिनेची दिशा तीच, असा चांगला ॲडॉप्टर लावून पाहावे. आक्काच्या घरचा ॲडॉप्टर ओझ्याखाली १० व्होल्टवर घसरत होता. नवा लावताच टिकटिक थांबली.

तिसरी गोष्ट केबल. झाकण उघडून डिस्कला जाणाऱ्या दोन्ही केबली काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. डेटाची केबल शक्य तर नवी घालावी. (झाकण डीव्हीआरचे उघडायचे, डिस्कचे कधीही नाही. धुळीचा एक कण तिथे दगडासारखा आदळतो.) आतली धूळ मऊ कुंचल्याने काढावी. आमच्या डब्यात मुंग्यांनी अंडी घातलेली होती, ती काढताना आक्का म्हणाली, “यांना तरी कोरडी जागा मिळाली!”

चौथी पायरी म्हणजे डिस्कचीच प्रकृती विचारणे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि बऱ्याच डीव्हीआरच्या यादीत ती उघडून पाहता येते. तीन नोंदी पाहाव्यात. खराब म्हणून बाद करून दुसरीकडे हलवलेल्या जागा किती. वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेल्या जागा किती. आणि केबलमधून जाता-येता झालेल्या चुका किती. तिसराच आकडा वाढत असेल तर केबल बदलून काम भागते. पहिले दोन वाढत असतील तर डिस्क अंथरुणाला खिळली म्हणायची. वहीवर ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा असला तरी त्यावर विसंबू नये. मरणाच्या आदल्या दिवशीपर्यंत तसा शेरा मारणाऱ्या डिस्का मी पाहिल्या आहेत.

आमच्या डिस्कच्या प्रलंबित जागा शेकड्यांत होत्या. म्हणजे ॲडॉप्टर दोषी होताच, पण तोवर त्याने डिस्कलाही धरले होते. अशा वेळी तीच डिस्क पुन्हा पुन्हा चालवून चित्रे शोधत बसणे म्हणजे आजाऱ्याला उठबशा काढायला लावणे. पहिले काम एकच: जशीच्या तशी नक्कल. मी डिस्क काढून घरी आणली आणि तेवढ्याच आकाराच्या धडधाकट डिस्कवर तिची प्रत उतरवायला घेतली. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाची एक आज्ञावली फुकट मिळते. ती फार समंजस आहे. अडलेल्या जागी डोके आपटत न बसता सोपा भाग आधी उतरवून घेते, अवघड जागांचा नकाशा लिहून ठेवते, आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळते. एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस हे चालले. काही थोड्या जागा सोडता सगळे उतरले. डिस्क बर्फाच्या कप्प्यात ठेवा, टिचकी मारा, असले उपाय कोणी सुचवले तर हसून सोडून द्यावेत. आणि मजकूर लाखमोलाचा असेल, किंवा डिस्क मुळीच फिरत नसेल, तर घरचे प्रयोग न करता सरळ तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत द्यावी.

नक्कल डीव्हीआरमध्ये बसवण्याआधी कॅमेऱ्यांच्या सर्व तारा काढून ठेवल्या, म्हणजे यंत्र नव्याने चित्रण करून जुन्यावर गिरवू लागणार नाही. काही डीव्हीआर डिस्कचा अनुक्रमांक ओळखतात आणि नक्कल नाकारून फॉर्मॅट मागतात. तसे झाल्यास तिथेच थांबावे. आमच्याने मात्र तिला आपली मानले. जुलै उघडला. कोराच! भावोजींनी सुस्कारा सोडला.

मी २००० सालचा जानेवारी उघडला, आणि तिथे सारे सापडले. जादू काही नाही. डीव्हीआरच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपलेली होती. जुलैच्या सुरुवातीच्या वादळात दोन दिवस वीज गेली, तेव्हा घड्याळ थांबले. वीज आली तेव्हा यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे १ जानेवारी २००० पासून आयुष्य पुन्हा सुरू केले. इंटरनेट असते तर त्यावरून वेळ दुरुस्त झाली असती, पण तेही त्या वादळातच गेलेले. चित्रण चालूच होते, फक्त चुकीच्या पानावर लिहिले जात होते.

त्या पानावर असे दिसले. ‘३ जानेवारी’च्या सकाळी म्हातारा डोक्यावर एक गाठोडे आणि अंगावर इरले घेऊन फाटकातून बाहेर जातो. भाताच्या लावणीसाठी तीन दिवसांची रजा त्याने भावोजींना विचारूनच घेतली होती. कर्जतच्या नावाने भाताच्या जाती निघाल्या, त्या मुलखात जुलैत लावणी चुकवील तो शेतकरी कसला? ‘४ जानेवारी’च्या रात्री धो धो पावसात एक टेम्पो येतो. दोघेजण पहारीने खोपटाचे कुलूप तोडतात आणि पंप उचलून नेतात. चेहरे झाकलेले, नंबराची पाटी कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशात आणि पावसाच्या चमकत्या थेंबांत नुसती पांढरीफटक. ‘६ जानेवारी’ला म्हातारा परततो, खोपट पाहतो, कपाळाला हात लावतो आणि फोन कानाला लावून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी चित्रण थांबते. डिस्कने मान टाकली ती तेव्हा, आणि म्हणूनच ते टिकले. नाही तर एक टेराबाइटच्या डिस्कवर चार कॅमेरे सेकंदाला दोन-दोन मेगाबिट लिहू लागले की दिवसाला ८६ गिगाबाइट खर्च होतात, आणि साडेअकरा दिवसांनी यंत्र जुन्यावर नवे लिहिते. ऑगस्टपर्यंत जुलैचे नावही उरले नसते.

पण ‘६ जानेवारी २०००’ म्हणजे खरी तारीख कोणती? भावोजींच्या फोनमध्ये म्हाताऱ्याच्या त्या फोनची वेळ नोंदलेली होती. चित्रात तो फोन कानाला लावतो तो क्षण आणि ही नोंद जुळवली, आणि घड्याळातली चूक मिनिटापर्यंत हाती आली. तेवढा फरक मिळवत गेलो आणि चोरीची रात्र, वेळेसकट, कागदावर मांडली.

तक्रारीचा कागद नव्याने लिहिला गेला, अज्ञात इसमांविरुद्ध. अशी चित्रे पुरावा म्हणून द्यायची तर त्याचीही रीत आहे. जालन्याच्या २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचाच प्रश्न होता. आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, अशा चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलीचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, नोंदवावा लागतो. म्हणून मूळ डिस्क, तिला हात न लावता, पाकिटात बंद करून ठेवावी. चित्रणाचे महत्त्व न्यायालयाने सरकारलाही शिकवले आहे. २ डिसेंबर २०२० च्या निकालात देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते न जमल्यास किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश आहे. तिथे जपायचे चित्रण कोठडीतल्या माणसाच्या बाजूची साक्ष असते. आमच्या डब्यानेही अशाच एका निर्बलाची बाजू सांगितली.

पंप काही मिळाला नाही. भावोजी सरळमार्गी मनुष्य. त्यांनी म्हाताऱ्याला ओसरीवर बोलावून, खुर्ची देऊन, चित्रे दाखवली. त्याने ती शांतपणे पाहिली आणि म्हणाला, “सायेब, मला इचारलं असतं, तरी हेच सांगितलं असतं.” आक्का चहा आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या गडबडीतून अर्धा तास काढा. डब्यावरची धूळ पुसा, त्याला मोकळ्या हवेत ठेवा. वर फुलदाणी आणि विणलेला रुमाल नको. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा, आणि घड्याळाची बॅटरी जुनी झाली असेल तर बदलून घ्या. डीव्हीआर लहानशा यूपीएसवर जोडा. डिस्क नवी घ्यायची वेळ आली तर साध्या संगणकाची न घेता कॅमेऱ्यांच्या अखंड लिखाणासाठी बनवलेली घ्या, आणि आपले यंत्र किती मोठी डिस्क पेलते ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. मुख्य म्हणजे, चित्र पडद्यावर दिसते म्हणजे ते साठतेही आहे, असे समजू नका. आताचे चित्र डिस्कविनाही दिसते. म्हणून महिन्यातून एकदा, कालच्या दुपारचे चित्रण प्रत्यक्ष लावून पाहा. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांची पूजा करतात. आपणही त्या दिवशी ही एक वही उघडून पाहायला हरकत नाही.

कर्जतच्या घरी नवा पंप, नवा ॲडॉप्टर आणि नवी डिस्क बसली आहे. राखणदार जुनाच आहे. डबा ओरडला तर कोणाला फोन करायचा, हे त्याला आता माझ्या नंबरासकट पाठ आहे, आणि त्याचा फोन आला की पहिल्या गाडीने निघायचे, असे मी ठरवून टाकले आहे. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची आणि निर्धास्त जावो!